जपानी भरती-संकेतस्थळं : वाचायची कशी, मोजायची कशी

पीएच.डी.च्या प्रवेशासाठी आराखडा लिहिताना हल्ली एक कल्पना पुष्कळांना सुचते. जपानमधल्या एखाद्या भरती-संकेतस्थळावरच्या दहा-वीस हजार जाहिराती उतरवून घ्यायच्या, त्यातले शब्द मोजायचे आणि ‘जपानी कंपन्यांना कुठली कौशल्यं हवी आहेत’ याचं उत्तर काढायचं. जपानी शिकणाऱ्यांना, अर्थशास्त्रवाल्यांना, मॅनेजमेंटवाल्यांना, डेटा सायन्सवाल्यांना, सगळ्यांनाच ही कल्पना आवडते. कारण उघड आहे. डेटा फुकट आहे, भरपूर आहे आणि मुलाखतींसाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

या पोस्टमध्ये मी या संकेतस्थळांची समीक्षा करणार आहे. ‘कुठली साइट चांगली’ अशा यादीची अपेक्षा ठेवू नका. प्रश्न असा आहे, की या पानांवर जे दिसतं त्यावरून जपानी नोकरीबाजाराबद्दल काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. हेच पान नोकरी शोधणारी मुलगीही वाचते, हे लक्षात असू द्या. तिने ते चुकीचं वाचलं तर त्याची किंमत ती दर महिन्याच्या पगारातून मोजते. संशोधकाने चुकीचं वाचलं तर ती चूक प्रबंधात जाते आणि तिथून पुढच्या दहा प्रबंधांत.

आधी दुकान कोणाचं ते बघा

कुठलंही साधन वापरण्याआधी ते कुणी, कशासाठी आणि कुणाच्या पैशांवर तयार केलं हे विचारायचं असतं. इतिहासवाले कागदपत्रांना हा प्रश्न विचारतात. डेटावाले मात्र बऱ्याचदा तो विसरतात.

जपानमधल्या पदवीधर भरतीच्या संकेतस्थळांची वंशावळ छापील पुस्तकांपर्यंत जाते. तोक्यो विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्रासाठी जाहिराती गोळा करणाऱ्या हिरोमासा एझोए यांनी १९६० मध्ये एक जाहिरात-कंपनी काढली. तीच पुढे ‘रिक्रूट’ झाली. १९६२ मध्ये या कंपनीने फक्त नोकरीच्या जाहिरातींचं एक पुस्तक काढलं आणि विद्यार्थ्यांना फुकट वाटलं. पैसे देणार जाहिरात देणारी कंपनी, वाचणार विद्यार्थी. १९९६ मध्ये हेच पुस्तक इंटरनेटवर आलं आणि पुढे ‘रिकुनाबी’ या नावाने ओळखलं जाऊ लागलं. तिचा मोठा प्रतिस्पर्धी म्हणजे ‘मायनाबी’. रिक्रूट समूहाने २०१२ मध्ये ‘इंडीड’ आणि २०१८ मध्ये ‘ग्लासडोअर’ विकत घेतलं. म्हणजे आज तुमच्या मोबाइलवर नोकरी शोधताना जे पान उघडतं, त्याचा मालक बऱ्याचदा तोच असतो. जपानी कंपन्या पहिल्या चाळणीसाठी जी ‘एसपीआय’ नावाची चाचणी घेतात, तीसुद्धा याच समूहाची.

आर्थिक रचना साठ वर्षांत बदललेली नाही. विद्यार्थ्याला सगळं फुकट, पैसे कंपनीचे. यात गैर काही नाही. पण याचा परिणाम डेटावर होतो. कुठली माहिती वर दिसेल, कुठला फोटो मोठा असेल, ‘या कंपनीत काम करणाऱ्या ज्येष्ठांचे अनुभव’ कोण निवडेल, हे पैसे देणारा ठरवतो. वर्तमानपत्रातल्या जाहिरातींवरून महाराष्ट्रातल्या शाळांचा दर्जा काढायला आपण धजणार नाही. मग इथे का धजतो? कारण पान कोष्टकासारखं दिसतं. कोष्टक दिसलं की आपल्याला सर्वेक्षण वाटतं.

एका क्लिकची किंमत

या संकेतस्थळांनी एक चांगलं काम केलं, ते आधी मान्य करायला हवं. पूर्वी मोठ्या कंपन्या ठरावीक विद्यापीठांकडूनच मुलं घेत. बाहेरच्याला अर्जाचा कागदही मिळत नसे. संकेतस्थळांमुळे कुठल्याही विद्यापीठातला, कुठल्याही गावातला विद्यार्थी ‘एंट्री’चं बटण दाबू शकतो. ओळख लागत नाही, प्राध्यापकाची चिठ्ठी लागत नाही. दार सगळ्यांना उघडं.

आता पुढची पायरी बघा. बटण दाबायला काही खर्च नाही, म्हणून प्रत्येक विद्यार्थी डझनावारी कंपन्यांकडे बटण दाबतो. त्यात जपानी वेळापत्रकाची भर पडते. जपानमध्ये पदवीधरांची भरती एकत्रित आणि एकाच हंगामात होते. सरकारी वेळापत्रकानुसार कंपन्यांनी १ मार्चला माहिती खुली करायची, १ जूनपासून मुलाखती घ्यायच्या आणि १ ऑक्टोबरला औपचारिक होकारपत्रं द्यायची. विद्यार्थी रुजू होतो त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये. उद्योगसंघटना ‘केइदानरेन’ने २०१८ मध्ये जाहीर केलं की हे नियम ठरवण्याचं काम ती यापुढे करणार नाही. तेव्हा सरकारने ते स्वतःकडे घेतलं. प्रत्यक्षात बऱ्याच कंपन्या जूनच्या आधीच तोंडी होकार देऊन मोकळ्या होतात. तरी हंगाम हा हंगामच. ठरावीक आठवड्यांत अर्जांचा पूर येतो.

पूर आला की बांध लागतो. मनुष्यबळ विभागात माणसं मोजकीच असतात. हजारो अर्ज कुणी मन लावून वाचत नाही. मग स्वस्त चाळणी लागते : ऑनलाइन चाचणी, अर्जपत्रिकेतली शब्दमर्यादा, आणि विद्यापीठाचं नाव. शेवटच्या चाळणीला जपानी विद्यार्थी ‘गाकुरेकी फिल्टर’ म्हणतात. कंपन्या तिच्याबद्दल जाहीरपणे बोलत नाहीत. पण डिसेंबर २०२१ मध्ये मायनाबीकडून विद्यार्थ्यांना गेलेल्या एका ईमेलच्या विषयात काही मध्यम दर्जाच्या खासगी विद्यापीठांच्या आद्याक्षरांचा गट आणि ‘त्याखालील’ असे शब्द राहून गेले आणि मोठा गदारोळ झाला. कंपनीने माफी मागितली आणि पाठवण्यात चूक झाल्याचं सांगितलं. त्या वर्गवारीचा नेमका उपयोग काय होता यावर वाद घालता येईल. पण विद्यार्थी लगेच संतापले, याचा अर्थ अशी चाळणी आहे असा त्यांचा आधीपासूनच समज होता.

म्हणजे उघड्या दारामुळेच आतल्या बंद दाराची गरज निर्माण झाली. संशोधक म्हणून आपल्याला दिसतं ते फक्त बाहेरचं दार. ‘सर्व शाखांचे पदवीधर अर्ज करू शकतात’ हे वाक्य जाहिरातीत असतं. निवड कशावर झाली हे त्या पानावर कुठेच नसतं. म्हणून जाहिराती मोजून ‘जपानी कंपन्या शाखा बघत नाहीत, विद्यापीठ बघत नाहीत’ असा निष्कर्ष काढला, तर आपण कंपनीचं बोलणं कंपनीची कृती म्हणून नोंदवलेलं असतं.

एक जाहिरात म्हणजे एक नोकरी नाही

दुसरी अडचण मोजण्याच्या एककाची आहे. आपल्याकडे ‘ज्युनियर अकाउंटंट पाहिजे’ अशी जाहिरात असते. तिच्यात काम ठरलेलं असतं, माणूस शोधायचा असतो. जपानमधली नव्या पदवीधरांची भरती उलट चालते. कामगारधोरणाचे अभ्यासक केईचिरो हामागुची यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात यासाठी ‘सदस्यत्व-पद्धत’ आणि ‘काम-पद्धत’ असा फरक मांडला, आणि आता तो जपानमध्ये रोजच्या चर्चेतला झाला आहे. सदस्यत्व-पद्धतीत कंपनी आधी माणूस घेते, काम नंतर ठरवते. आज विक्री, तीन वर्षांनी हिशेब, नंतर ओसाका, नंतर फुकुओका.

त्यामुळे जाहिरातीत ‘सोगोशोकू’, म्हणजे कुठल्याही विभागात जाऊ शकणारा कर्मचारी, एवढंच लिहिलेलं असतं. हव्या असलेल्या गुणांमध्ये ‘संवादक्षमता’, ‘आव्हान स्वीकारण्याची वृत्ती’ असे शब्द असतात. आता कुणी शब्द मोजून म्हणेल की जपानमध्ये तांत्रिक कौशल्यांना मागणी कमी आणि संवादक्षमतेला जास्त. पण हे मागणीचं वर्णन नाही. काम ठरलेलंच नसताना जाहिरात लिहावी लागते, तेव्हा असेच शब्द उरतात. मध्येच नोकरी बदलणाऱ्यांसाठीच्या जाहिराती वेगळ्या असतात आणि त्यांत काम स्पष्ट असतं. हे दोन प्रकार एकाच फाइलमध्ये घातले तर सरासरी निघेल, पण ती कशाचीच नसेल.

शिवाय एकाच जाहिरातीत तीनशे जण घ्यायचे असू शकतात आणि शेजारच्या जाहिरातीत दोन. ‘भरतीची अपेक्षित संख्या’ हा रकाना वाचल्याशिवाय जाहिराती मोजणं म्हणजे पिशव्या मोजून धान्य सांगणं.

वर्षांचाही घोळ आहे. ही संकेतस्थळं पदवीच्या वर्षानुसार काढली जातात. ‘२०२५’ असं नाव असलेल्या आवृत्तीत मार्च २०२५ मध्ये पदवी घेणाऱ्यांसाठी १ मार्च २०२४ ला जाहिराती खुल्या होतात आणि इंटर्नशिपची माहिती त्याच्याही आधी, २०२३ मध्येच. नावातलं वर्ष हेच जाहिरातीचं वर्ष धरलं, तर तुमची कालमालिका वर्ष-दोन वर्षं पुढे सरकते. कोरोनाच्या परिणामावर काम करणाऱ्याला ही चूक भलतीच महागात पडेल.

आणि कोण या पानांवर येतच नाही? उच्च माध्यमिक शाळेतून थेट नोकरीला लागणारी मुलं मुख्यतः शाळेमार्फत आणि ‘हॅलो वर्क’ या सरकारी रोजगार केंद्रामार्फत जातात. त्यांच्यासाठी बऱ्याच ठिकाणी सुरुवातीच्या काळात एका विद्यार्थ्याने एकाच कंपनीकडे अर्ज करायचा अशी प्रथा आहे. शाळा आणि कंपन्यांच्या या जुन्या नात्यांवर मेरी ब्रिंटन यांचं काम जरूर वाचा. अभियांत्रिकीच्या बऱ्याच विद्यार्थ्यांची निवड विद्यापीठाच्या किंवा प्राध्यापकाच्या शिफारशीने होते. म्हणजे ज्या तांत्रिक नोकऱ्या तुम्हाला मोजायच्या आहेत, त्यातल्या काहींना जाहिरातीची गरजच पडत नाही.

दोन शब्दांमधलं अंतर

आता पानावरच्या शब्दांकडे येऊ. इथे भाषा येणाऱ्याचं काम सुरू होतं, आणि यंत्र-भाषांतरावर सोडून चालत नाही.

‘शुक्यू फुत्सुका-सेई’ याचा शब्दशः अर्थ ‘आठवड्याला दोन सुट्ट्यांची पद्धत’. ‘कान्झेन शुक्यू फुत्सुका-सेई’ म्हणजे तेच, फक्त पुढे ‘संपूर्ण’ हा शब्द. वाचणाऱ्याला वाटेल, भर देण्यासाठी घातलाय. तसं नाही. ‘संपूर्ण’ असेल तरच प्रत्येक आठवड्याला दोन सुट्ट्या. तो शब्द नसेल, तर महिन्यातून किमान एका आठवड्यात दोन सुट्ट्या आणि बाकीच्या आठवड्यांत एकच, असंही असू शकतं. म्हणून जाणकार उमेदवार या ओळीपेक्षा ‘वर्षाच्या एकूण सुट्ट्या’ हा आकडा आधी बघतो. संशोधकानेही तोच रकाना घ्यावा.

पगाराचं उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी धरलेत. पहिली कंपनी महिना २,८०,००० येन देते, पण बारीक अक्षरात लिहिलंय : ‘यात ४५ तासांचा निश्चित ओव्हरटाइम धरलेला आहे’. दुसरी कंपनी २,४०,००० येन देते आणि ओव्हरटाइम वेगळा. नेहमीचे तास महिन्याला १६० धरा. ओव्हरटाइमला कायद्याप्रमाणे किमान सव्वापट दर. पहिल्या कंपनीत ताशी दर निघतो साधारण १,२९५ येन, म्हणजे मूळ पगार सुमारे २,०७,००० आणि उरलेले ७३,००० ओव्हरटाइमचे. दुसऱ्या कंपनीत ताशी दर १,५०० येन. तिथे तेवढेच ४५ तास जास्त काम केलं, तर हातात येतात सुमारे ३,२४,००० येन. पानावर चाळीस हजारांनी कमी दिसणारी कंपनी त्याच कामाला चव्वेचाळीस हजार जास्त देते. ४५ तास हा आकडाही उगाच आलेला नाही. २०१८ च्या कामगारसुधारणा कायद्यानंतर महिन्याच्या ओव्हरटाइमची नेहमीची मर्यादा तीच आहे.

बोनस बहुतेकदा मूळ पगाराच्या पटीत असतो, त्यामुळे हा फरक वर्षाअखेरीस आणखी वाढतो. तेव्हा ‘पगार’ हा एकच व्हेरिएबल ठेवून सरासरी काढणाऱ्याला गाईडने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : यात ओव्हरटाइम आहे की नाही?

रिकाम्या रकान्यांचंही तसंच. २०१५ च्या तरुण-रोजगार कायद्यानुसार नवे पदवीधर घेणाऱ्या कंपन्यांनी कामाच्या ठिकाणाची माहिती देण्याचा प्रयत्न करायचा असतो : किती जण घेतले, किती सोडून गेले, सरासरी किती वर्षं टिकतात, महिन्याचा ओव्हरटाइम किती, रजा किती वापरल्या जातात. अर्जदाराने मागितलं तर तीन गटांपैकी प्रत्येकातली किमान एक बाब द्यावीच लागते. मेख ‘किमान एक’मध्ये आहे. कुठली एक द्यायची हे कंपनीच्या हातात. माणसं टिकत नसतील तर सोडून गेलेल्यांचा आकडा न देता ती त्याच गटातली दुसरी बाब देऊ शकते. तेव्हा रिकामा रकाना दिसला की ‘मिसिंग’ लिहून पुढे जाऊ नका. तो रिकामा असणं हीसुद्धा एक माहिती असू शकते. सरासरीने भरून काढला तर ती पुसली जाते. ‘वाँटेडली’सारख्या संकेतस्थळाने तर बरीच वर्षं जाहिरातीत पगार लिहूच दिलेला नाही. तिथे पगाराचा रकाना रिकामा असण्याचं कारण कंपनीत नाही, साइटमध्ये आहे. दोन्ही रिकामे रकाने दिसायला सारखेच.

जेव्हा पान आपल्याला वाचतं

संकेतस्थळ म्हणजे फक्त फळा असतं, तर गोष्ट इथे संपली असती. पण छापील पुस्तकात जे शक्य नव्हतं ते इथे होतं. कोण काय बघतंय याची नोंद राहते.

ऑगस्ट २०१९ मध्ये उघडकीस आलं की रिकुनाबी चालवणारी कंपनी विद्यार्थ्यांच्या संकेतस्थळावरच्या वावराचा उपयोग करून ‘हा विद्यार्थी होकार मिळाल्यावर नकार देण्याची शक्यता किती’ याचा अंदाज काढत होती आणि तो भरती करणाऱ्या कंपन्यांना विकत होती. ग्राहक कंपन्या ३८ होत्या. ७,९८३ विद्यार्थ्यांची पुरेशी संमतीही घेतलेली नव्हती, असं कंपनीने सुरुवातीला जाहीर केलं. सेवा बंद झाली. २६ ऑगस्टला जपानच्या वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाने कंपनीला सुधारणेची शिफारस केली. या कायद्याखाली आयोगाने केलेली ती पहिलीच शिफारस होती. डिसेंबरमध्ये दुसरी झाली. आकडे निवडीसाठी वापरायचे नाहीत असं ग्राहक कंपन्यांकडून कबूल करून घेतल्याचं रिकुनाबीच्या कंपनीचं म्हणणं होतं. २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. एकाच्या हातातली निनावी ब्राउझिंग-माहिती दुसऱ्याच्या हातात गेल्यावर नावानिशी ओळखता येत असेल, तर आधी संमती घेतली आहे का हे तपासणं आता बंधनकारक आहे.

हे प्रकरण ‘गोपनीयतेचा भंग’ म्हणून शिकवलं जातं, ते बरोबरच आहे. पण पद्धतीच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. मुलगी एका कंपनीचा होकार हातात असताना दुसऱ्या कंपन्यांची पानं बघते. का बघते? कदाचित तिला जायचं नाही म्हणून. कदाचित मैत्रिणीसाठी. कदाचित आईने सांगितलं, ‘अजून एकदा बघून घे’ म्हणून. त्या मॉडेलला हे सगळं एकच वाटतं. वर्तनावरून हेतू काढताना आपण मधली पायरी गाळतो. आणि एकदा विद्यार्थ्यांना कळलं की आपल्याला कुणी बघतंय, की ते वेगळं वागू लागतात : नको असलेल्या कंपनीचं पान मुद्दाम उघडं ठेवतात, हवं असलेलं दुसऱ्या खात्यातून बघतात. मग जुन्या डेटावर शिकलेलं मॉडेल नव्या विद्यार्थ्यांना लागू पडत नाही. तुम्हीही ‘क्लिक’ हा पसंतीचा पुरावा म्हणून वापरणार असाल, तर हीच हरकत तुमच्यावर घेतली जाईल. उत्तर आधीच तयार ठेवा.

आपल्याकडून बघताना

हा विषय पुण्यात बसून निवडणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि त्याला कारण आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि शहरभरचे खासगी वर्ग यांमुळे पुणे हे जपानी शिकण्याचं भारतातलं एक मोठं केंद्र आहे. जेएलपीटीची परीक्षाही इथे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यात भारतातून ५०,००० कुशल माणसं जपानला जाण्याचा भाग आहे. म्हणजे या जाहिराती आपल्या ओळखीची मुलं रोज वाचतात.

इथे तीन गोष्टी सांभाळा. पहिली, इंग्रजी आणि जपानी संकेतस्थळं हे दोन वेगळे बाजार आहेत. ‘गायजिनपॉट’ किंवा सॉफ्टवेअरवाल्यांसाठीचं ‘टोक्योदेव’ परदेशी माणूस गृहीत धरूनच चालतं. तिथल्या जाहिराती बघून ‘जपानमध्ये आता जपानी लागत नाही’ म्हणणं म्हणजे विमानतळावर उभं राहून ‘भारतात सगळे विमानाने फिरतात’ म्हणणं.

दुसरी, ‘एन-२ आवश्यक’ असं लिहिलेलं असतं ते नेमकं काय सांगतं? जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नाही, लिहिण्याचीही नाही. सगळी उत्तरं पर्यायांतून निवडायची. कंपनीला हवं असतं बैठकीत बोलणं आणि ईमेल लिहिणं. म्हणून मुलाखतीत एन-२ पास झालेला मुलगा अडतो आणि आपण म्हणतो नशीब. जाहिरातीतली पातळी ही गाळणी आहे, भाषेच्या गरजेचं मोजमाप नाही. भाषाशास्त्रवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट पैशांची. जपानमधल्या कायद्यानुसार नोकरी लावून देणाऱ्या संस्थेने उमेदवाराकडून फी घ्यायची नसते, काही ठरावीक व्यवसाय वगळता. फी कंपनी देते. भारतात परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी झालेल्या भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. नोंदणी आहे की नाही हे ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. तुमच्या मुलाखतींत कुणी सांगितलं की वर्ग, कागदपत्रं आणि ‘प्लेसमेंट’ मिळून लाखांमध्ये पैसे गेले, तर ते तळटीपेत टाकू नका. जाहिरातीत जो खर्च कुठेच दिसत नाही तो कुणीतरी कर्ज काढून भरलेला असतो. नोकरीबाजाराच्या अभ्यासात तो मध्यभागी यायला हवा.

ज्यांना स्वतः संशोधक म्हणून जपानला जायचंय, त्यांच्यासाठी ‘जेआरईसी-इन’ हे सरकारी विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचं पोर्टल आहे. इंग्रजीतही चालतं, फुकट आहे, आणि खरोखर उपयोगी आहे. पण तिथेही हीच शिस्त. बऱ्याच जागा मुदतीच्या असतात. सलग पाच वर्षांनंतर कायम करारात बदल मागण्याचा जो सर्वसाधारण हक्क आहे, तो संशोधकांसाठी दहा वर्षांवर नेलेला आहे. आणि जपानी विद्यापीठांत ‘देकिकोबो’ असा एक शब्द ऐकू येतो : माणूस आधीच ठरलेला असताना काढलेली जाहिरात. अट एखाद्याच माणसाच्या मापाने शिवल्यासारखी वाटली, तर हा शब्द आठवा.

मग करायचं काय?

ही संकेतस्थळं टाकाऊ आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांना विचारता येतील असे प्रश्न विचारा.

कंपन्या स्वतःला कसं मांडतात, ‘आदर्श तरुण’ कसा रंगवतात, बायकांसाठीच्या जागांची भाषा कशी बदलली, यासाठी जाहिरात हा उत्तम पुरावा आहे. इथे तिचं जाहिरात असणं आड येत नाही, तेच अभ्यासाचा विषय असतं.

कंपनी प्रत्यक्षात काय करते हे हवं असेल, तर जाहिरात दुसऱ्या कागदाशी ताडून बघा. शेअर बाजारात नोंदलेल्या जपानी कंपन्यांना वार्षिक अहवालात कर्मचाऱ्यांचं सरासरी वय, सरासरी सेवाकाळ आणि सरासरी वार्षिक पगार द्यावा लागतो, आणि २०२३ पासून मोठ्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावतही. हे ‘एडिनेट’वर फुकट मिळतं. कामगार मंत्रालयाच्या ‘शोकुबा लॅबो’वर कामाच्या ठिकाणची माहिती कंपनीनिहाय शोधता येते. पन्नास कंपन्या घ्या, जाहिरातीतला दावा आणि अहवालातला आकडा शेजारी शेजारी लिहा. दहा हजार जाहिरातींच्या शब्दगणनेपेक्षा हे पन्नास ओळींचं कोष्टक जास्त सांगेल, आणि एका सत्रात पुरं होईल.

माणसं नोकरीपर्यंत कशी पोचली हा प्रश्न असेल, तर माणसांना विचारा. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेतल्या २८२ पुरुषांना हेच विचारलं आणि १९७४ मध्ये पुस्तक लिहिलं. निम्म्याहून अधिकांना नोकरी ओळखीतून कळली होती. जपानमध्ये कामगार मंत्रालयाच्या रोजगारविषयक पाहणीत लोक कुठल्या मार्गाने कामाला लागले हे विचारलं जातं : जाहिरात, हॅलो वर्क, शाळा, ओळख. आधी ती कोष्टकं बघा. तुम्ही निवडलेल्या मार्गाने एकूण किती टक्के लोक जातात हे माहीत नसताना त्या मार्गावरून सगळ्यांबद्दल बोलू नये.

आणि डेटा उतरवण्याआधी संकेतस्थळाच्या अटी वाचा. जपानच्या कॉपीराइट कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने माहिती-विश्लेषणाला बरीच मोकळीक आहे, पण तुम्ही खातं उघडताना मान्य केलेल्या अटी त्याने आपोआप रद्द होत नाहीत. विद्यापीठाची नैतिकता समिती हे विचारणारच. शक्य असेल तिथे दोनशे जाहिराती हाताने, नीट नमुना निवडून, पूर्ण वाचून घ्या.

आराखड्यात ‘डेटा’ या मथळ्याखाली बहुतेक जण संकेतस्थळाचं नाव आणि जाहिरातींची संख्या लिहितात. त्याखाली आणखी चार ओळी लिहून बघा : हे पान चालवण्याचे पैसे कोण देतं, इथे कोण येत नाही, कुठला रकाना कुणाच्या मर्जीने रिकामा राहतो, आणि माझा निष्कर्ष चुकला तर त्याची झळ कुणाला बसेल. चौथ्या ओळीला उत्तर सुचत नसेल, तर प्रश्न अजून पुरेसा ठरलेला नाही असं समजा आणि गाईडकडे जाण्याआधी एक आठवडा आणखी घ्या.